उलटी अक्षरं

वाल्बोर्ग मावशीला नव्वदाव्या वाढदिवसाला
काय हवं विचारलं, तर म्हणाली, वंशवृक्ष.
चौकटीत. भिंतीवर. आल्यागेल्याला दिसेल असा.
"आपल्यात पाद्र्याचं रक्त आहे," हे तिचं पालुपद;
चमचे पुसताना, बटाटे सोलताना,
शेजारणीची जिरवताना तर हमखास.

म्हणून मी फेब्रुवारीत हार्नोसांदला.
अभिलेखागारात पेन चालत नाही, फक्त शिसपेन्सिल,
आणि खोकायचं तेही जपून.
नदीचं मूळ मी पाहिलंय, शाळेच्या सहलीत:
एक दलदल, ढीगभर डास, गंजलेली पाटी.
कुळाचं मूळही तसंच निघालं,
फक्त तिथे पाटी नव्हती.

दर हिवाळ्यात पाद्री घरोघर जायचा
जाडजूड वही घेऊन. सगळ्यांना बाकावर बसवून
वाचायला लावायचा, धर्माचे प्रश्न विचारायचा,
आणि नावापुढे खुणा करायचा.
पान एकशे बारा.
मार्ता स्टीना ओलोफ्सडॉटर, मोलकरीण.
वाचन: उत्तम.
समज: बेताची.
वर्तन:
हा रकाना अपुरा पडलाय,
अक्षरं समासात उतरून कडेकडेने वर चढलीत
कुंपण ओलांडणाऱ्या पोरांसारखी.

मुलगा, वडील अज्ञात.
मुलगी, वडील अज्ञात.
अडुसष्टच्या दुष्काळात, गाव सालीची भाकरी चावत होतं तेव्हा,
पाद्र्याच्याच कोठारातून अर्धं पोतं राय.
शिक्षा: सोळा दिवस, पाणी आणि पाव.
(म्हणजे तुरुंगात तिला निदान पाव मिळाला.)
त्याच वर्षी तिसरा मुलगा, माझे पणजोबा.
वडील

इथे एक नाव होतं.
खोडलंय. इतकं जोरात, की टाकाच्या टोकाने
कागद फाटलाय, आणि मागच्या पानावरच्या
एका निरुपद्रवी सुताराच्या लग्नाला
भोक पडलंय.

लुंडेलियुस पाद्री तापाने अंथरुणात असताना
तीन आठवडे एक पोरगेला मदतनीस आला होता.
त्याचं अक्षर गोल, आज्ञाधारक.
तिने सांगितलं, त्याने लिहिलं.
खोडणारा हात कोणाचा ते मला एव्हाना कळतं;
खोडतानाही तो उजवीकडेच झुकतो.
गुद्रुनबाईंनी चष्मा कपाळावर सारून पान दिव्याशी नेलं.
"सुरुवातीचा ल दिसतोय," म्हणाल्या.
मग बऱ्याच वेळाने, "शेवटचा स पण."
आणि चहा प्यायला निघून गेल्या.

आई पोस्टाच्या खिडकीमागे बसायची.
समोरच्याच्या हातातला फॉर्म उलटाच वाचायची,
कधी सरळ करून मागितला नाही.
मलाही येतं. शाळेतल्या तीस वर्षांत
मुख्याध्यापकांच्या टेबलावर पडलेले किती अहवाल
मी असे पलीकडून वाचलेत, त्यातले दोन माझ्यावरचेच.
कोणी शिकवलं नव्हतं.

बाकावर मार्ता स्टीना, मांडीवर पोर.
टेबलापलीकडे तो, वहीचं तोंड त्याच्याकडे.
वाचन: उत्तम.
म्हणजे तिने सगळं वाचलं असणार,
'समज: बेताची' हेसुद्धा,
शाई ओली असतानाच.
आणि मग मान वर करून त्याच्याकडे बघितलं असेल का,
हे कुठल्या रकान्यात शोधू?

रात्री मावशीला फोन केला.
"मग? आहे ना पाद्र्याचं रक्त?"
"आहे," म्हटलं.
"पुरावा?"
"एक भोक."
पलीकडे बराच वेळ नुसतं रेडिओवरचं हवामान;
उत्तरेला वादळ, किनाऱ्यावर बर्फ.
मग म्हणाली, "माझी आई हे सांगताना
हातातला चमचा उपडा ठेवायची टेबलावर.
मला वाटायचं, असंच."

काल झाड चौकटीला टाकलं.
दुकानदार म्हणाला, बाई, हा एक चौकोन फाटलाय,
मागचा पुठ्ठा दिसेल.
दिसू दे, म्हटलं.