जो ठेवायचा तो मणी

देवकाबाई भोये, वय सत्तेचाळीस.
थंडीत सुरगाण्याहून दिंडोरीला
द्राक्षाच्या विरळणीला येणारी टोळी, त्यातली एक.
गर्भाशयात नारळाएवढी गाठ, डावीकडं कललेली.
आधीची दोन सिझर.

काल राऊंडला विचारलं, भीती वाटते का?
ती म्हणाली, तुमची कातर कशी असते?
मग हवेत घड धरून दाखवला:
"काढायच्या मण्याकडं मागून बघायचं, मॅडम.
जो ठेवायचा, त्याच्यावर बोट ठेवायचं आधी."

नाशिक सिव्हिल. एसी खडखडतोय.
मूत्राशय जुन्या टाक्यांना बिलगून बसलंय.
बोळ्यानं रेटलं तर फाटेल;
कात्रीच्या टोकानं, एकेक धागा.

आता डावी बाजू.
मूत्रवाहिनी नेहमीच्या जागी नाही,
गाठीनं तिला ढकलत कुठं नेलंय कोण जाणे.
खैरनार सर असते तर म्हणाले असते,
पुस्तकातली जागा पुस्तकात राहू दे, वरून ये.
वरून येते.
मोठी धमनी दुभंगते तिथं
तिला ओलांडून उतरणारी फिकट, ओलसर दोरी.
शीर असेल?
चिमट्यानं हलकी टिचकी.
थांबते.
आणि ती अंग आकसते, सरपटते,
आपल्या कामात असलेल्या गांडुळासारखी.
सिस्टर वाकचौरे मास्कमधून म्हणतात, दिसली.

एकदा मी घाई केली होती.
रक्त उसळलं आणि न बघता चिमटा लावला.
बाहेर येऊन नातेवाइकांना सांगितलं, सगळं छान झालं.
नवव्या दिवशी ती परत आली
सटाण्याच्या एसटीनं, सगळी वाट उभ्यानं,
ओलं पातळ घेऊन बसणार कुणाच्या शेजारी?
तिचं नाव इथं लिहीत नाही.
हात धुताना, कोपरापर्यंत, मनात म्हणते.

बोट ठेवलंय. डाव्या हाताचं, वाहिनीवर.
धमनी गर्भाशयाला लगटून धरली.
कॉटरी नको. दोरा द्या.
कापते.

रात्री वॉर्डात, खाटेखालची पिशवी
ट्यूबलाइटसमोर धरून बघते:
सहाशे मिली, पिवळी, रक्ताचा मागमूस नाही.
देवकाबाई गुंगीत विचारते, केवढी होती?
मी दोन्ही हातांनी दाखवते.
"आन बाकीचं?"
बाकीचं आहे. होतं तिथंच.
ती डोळे मिटते,
आणि चहा मागते.