समुद्र, लहान अक्षरात

वर्ना कॉर्कम यांच्या टेबलावर दोन पेन्सिली:
एक लाल, एक चावलेली.
नोव्हा स्कोशियातल्या त्या बंदराच्या साप्ताहिकात
एकतीस वर्षं त्या शब्दांची उंची मोजतायत,
दाराच्या चौकटीला टेकवून पोरांची मोजावी तशी.

महिना मोठा, ऋतू लहान.
ऑक्टोबरला कॅपिटल, पानगळीला नाही.
वारा उत्तरेकडून आला तर उत्तर लहान,
माणूस उत्तरेतून आला तर मोठी.
नावाच्या आधी आला तर कॅप्टन मोठा,
नावामागून स्वल्पविराम धरून आला की लहान.
पंगतीतल्या मानासारखंच हे,
पाट कुठे मांडलाय त्यावर सगळं.

आणि आई:
नुसती हाक असेल तर मोठी,
'माझी' म्हटलं की लहान.
हे नव्या पोरांना शिकवताना
वर्नाबाई दर वेळी चष्मा पुसतात.

(आपली अक्षरं एकाच दांडीला लोंबकळतात सगळी.
हा मानापमान आपल्याला ठाऊक नाही,
म्हणजे कागदावर तरी.)

बुधवारी, अंक बंद व्हायला तास उरलेला,
एल्डन रिसर आला.
गुडघाभर रबरी बूट, हाताला हॅडकचा वास,
लॉगबुकातून फाडलेलं एक पान.
बाप गेल्याची बातमी.
अकरा दिवस झाले. हाती काही लागलं नव्हतं.

त्या पानावर समुद्र सहा वेळा,
सहाही वेळा कॅपिटल,
प्रत्येक एस गळासारखा वाकडा,
ओळीच्या वर डोकं काढून.
बाप मात्र लहान. तेही बरोबरच,
आधी 'माझे' होतं.

"बोटीचं अक्षर मोठंच राहील," वर्नाबाई म्हणाल्या,
"नाव आहे तिला. बुडाली तरी आहे.
समुद्राचं पूर्ण नाव लिहिलंस तर त्यालाही देता येईल.
नुसत्या समुद्राला नाही देता येत, बाळा."

"बाबा असंच लिहायचे," तो म्हणाला.
"देवाचं लिहितात तसं."

बाहेर कुणाचा तरी ट्रक
सुरू होता होता बंद पडला.

वर्नाबाईंनी लाल पेन्सिल खाली ठेवली.
एकतीस वर्षांत पहिल्यांदा खोडरबर उचललं,
स्वतःचीच खूण पुसायला.
"असू दे," म्हणाल्या. "तसंच जाऊ दे."

"नको."
त्याने चावलेली पेन्सिल ओढून घेतली.
"लहानच करा. आजपासून लहान."
आणि सहाही ठिकाणी त्यानेच केला,
दाबून, कागद फाटेस्तोवर,
एकेका गळाची मान मुरगाळत.

मजकूर दोन ओळी जास्त झाला.
बर्फाच्या टायरांची जाहिरात पुढच्या आठवड्यावर गेली.

शुक्रवारी अंक आला.
वाचणाऱ्या कुणालाच काही दिसलं नाही.
सगळं अगदी नियमाप्रमाणे.

फक्त शेवटच्या वाक्यात,
पहाटेपर्यंत मी धक्क्यावर होतो, असं जिथे लिहिलंय,
तिथे त्यांच्या भाषेतला तो 'मी',
जो कुठेच लहान करता येत नाही,
ओळीच्या ऐन मध्यावरसुद्धा,
उभा.
एकच रेघ.
डोलकाठी म्हणावी, तर खाली बोट नाही.