तळाची दुपार

संध्याकाळी हुमेद विचारतो,
"दागू सांग."
अफारांत रीतच आहे ती. वाटेत कुणी भेटलं
की आधी उकिडवं बसायचं,
मग पाऊस कुठे पडला, कुणाची उंटीण व्याली,
कुठल्या विहिरीचं पाणी बिघडलं, सगळं सांगायचं.
खरं तेवढंच.

मोमिना बूट काढते. टाचेत मिठाची पापडी.
"वरच्या पाण्याला एकतीस.
हातभर खाली चव्वेचाळीस.
तळाशी, दीड पुरुष खाली, सत्त्याऐंशी."
"आणि एवढं तापून वर का येत नाही?"
रोज विचारतो. रोज ती सांगते,
"मीठ येऊ देत नाही, अब्बा."

चाळीस वर्षं त्यानं असालच्या काठचं मीठ
कुऱ्हाडीनं फोडलं, उंटांवर लादलं,
डोंगरातल्या लोकांना देऊन ज्वारी आणली.
मीठ म्हणजे ओझं.
मीठ म्हणजे उंटाच्या पाठीवरची न भरणारी जखम,
तिच्यावरच्या माशा.
पाण्यात उभं राहून
उन्हाला खाली दाबून धरणारं हे असलं मीठ
त्याच्या हिशेबात कधी नव्हतं.

आपण म्हणतो, खाल्ल्या मिठाला जागावं माणसानं.
इथे मीठच जागतं
रात्रभर,
खाल्लेल्या उन्हाला.

पलीकडे खाडीचं पाणी कालव्यातून येतं
आणि दीडशे मीटर कोसळतं.
इथे समुद्रच उंचावर आहे,
माणसं त्याच्या खाली राहतात.
पात्यांवर आपटून, वीज देऊन
पाणी सरोवरात पसरतं.
सरोवर काही भरत नाही.
जेवढं पडतं तेवढं ऊन पिऊन टाकतं
आणि कडेला पांढरी रेघ ठेवतं.
दिवसभर समुद्र राबतो. दिवेलागणीनंतर
तळ्याच्या तळातली दुपार
नळीनं उपसतात.

भीती फक्त वाऱ्याची.
गेल्या साली खमसीन तीन दिवस सुटला.
तरंगती जाळी फाटली, मोमिना कंबरभर पाण्यात
दोऱ्या बांधत राहिली,
तरी थर मिसळलेच.
वरचं खालचं एक झालं आणि तळं नुसतं
कोमट.
हा शब्द ती अजून शिवीसारखा उच्चारते.
आठ महिने गेले पाण्याला पुन्हा
पाण्यापासून वेगळं करण्यात.

आज तिनं डब्यातून बर्फाचा खडा आणलाय,
केंद्रावरच्या फ्रीजमधला.
हुमेद तो तळहातावर तोलतो,
नखानं कड तपासतो, चीर बघतो,
सवयीनं ज्वारीचा अंदाज घेतो.
मग जिभेला लावतो.
"अळणी."
जरा थांबून, "कशावर केला?"
"त्या सत्त्याऐंशीवर."

तो हसत नाही, तीही नाही.
खडा तसाच धरून बसतो,
ओघळ कोपरापर्यंत येतो, थेंब वाळूत.
विस्तवानं गारठवलेलं पाणी.
उद्या विहिरीवर कुणी भेटलं, उकिडवं बसलं,
तर हा दागू द्यावा की नाही
ते त्याचं अजून ठरत नाही.