डावीकडे वाकलेली मान

कोत्काच्या बंदरात, कागदाच्या गोदामात
जानेवारीत उजाडतं साडेनवाला
आणि साडेतीनला कुणीतरी दिवा मालवल्यासारखं होतं.
मी तार्तूहून आले होते, फेरीबोटीने, दोन खोकी घेऊन:
सात कॅमेरे, चार सेन्सर, ड्रिलची पाती मोजून बारा.

ताइस्तो ह्युर्कास हात न मिळवताच म्हणाला,
"लाव. पण माझ्या डोळ्यांना नावं ठेवू नकोस."
तेहेतीस वर्षं फोर्कलिफ्टवर.
समोर दोन खांब, खांबांत साखळ्या,
साखळ्यांपुढे माणसाहून उंच कागदाचं रीळ;
जगाचा मधला भाग त्याने कधी पाहिलाच नव्हता.
म्हणून मान डावीकडे. कायमची.
जेवतानाही, चर्चमध्येही.
लेकीच्या लग्नातल्या फोटोत
वाटतं, कुणाचं तरी गुपित ऐकतोय.

पहिल्या दिवशी सेन्सर वेड्यासारखा ओरडला:
दार उघडलं की आत घुसणाऱ्या हिमाच्या भुकटीवर,
लोंबणाऱ्या प्लॅस्टिकवर,
गाडीच्या स्वतःच्याच काट्यांवर.
"याला भुतं दिसतात," ताइस्तो म्हणाला, आणि हसला, पहिल्यांदाच.
मी गुडघ्यांवर बसून
कोन दोन अंश खाली घेतला, स्क्रू आवळला.

बुधवारी, दहाच्या सुमाराला,
पडद्यावर रिळाच्या पलीकडचं उमटलं.
करडं, कडांना वाकलेलं, माशाने पाहावं तसं:
सहा नंबरचा खांब. खांबाशी उलटं घातलेलं पॅलेट.
पॅलेटवर इर्या, लेबलं चिकटवणारी,
मांडीवर डबा, हातात काळा पाव.
ताइस्तोने ब्रेक दाबला,
सेन्सर वाजायच्या आधी.

"ही इथे कधीपासून बसते?"
मला काय माहीत.
तो उतरला, रिळाला वळसा घालून गेला.
पडद्याला आवाज नव्हता.
त्याचे दोन्ही हात हलले. तिचा एकच,
दुसऱ्यात पाव होता.
मग तिने बोटाने जमीन दाखवली.

अकरा वर्षं, तो परत येऊन म्हणाला.
हीटरची ऊब नेमकी तिथे उतरते.
"म्हणते, तुझी गाडी जवळ आली की फरशी गुणगुणते,
मी पाय वर घेते."
अकरा वर्षं, दिवसातून चाळीसदा
तो तिथून वळत होता
आणि हिशेब ठेवत होते तिचे पाय.

दुपारी त्याने पॅलेट ओढून भिंतीशी नेलं.
इर्याने परत आणलं. तिकडे गारठा आहे, म्हणाली.
त्याने पुन्हा नेलं.
मी निघेपर्यंत हे चाललंच होतं.

शेवटी माझ्या कामाच्या कागदावर सही करताना
मान तशीच, डावीकडे.
"काही तक्रार?"
तो बराच वेळ पेन धरून बसला,
मग शेऱ्याच्या रकान्यात, मोठ्या अक्षरांत:
कॅमेरे ठीक.
हीटर भिंतीकडे वळवा.