अधिक-उणे ऐंशी

पवईच्या या तळघराला खिडकी नाही.
लाल दिव्याखाली मी नळी उघडते:
लोखंडी, दोन्ही तोंडांना काळी चिकटपट्टी,
सफरचंदाच्या खोक्यातून आलेली,
वर यांगचेनच्या अक्षरात
खंदक दोन, पूर्व भिंत, भेगेलगत.

टोकांची वाळू टाकून द्यायची,
तिनं ऊन पाहिलेलं असतं.
मधली घ्यायची. आम्ल, चाळणी, पुन्हा आम्ल.
उरते चिमूटभर गारगोटी, मिठाहून बारीक.

कण पुरला गेला की त्या दिवसापासून
मोजू लागतो अंधार.
निळा झोत पडला की सगळा हिशेब एकदम सांडतो,
डोळ्याला दिसणार नाही इतका उजेड,
आणि यंत्र तो टिपून घेतं.

वरच्या दोन भूकंपांची नोंद आहे:
एकाची सरकारी दप्तरात,
एकाची मठातल्या पोथीच्या समासात.
तिसऱ्याची कुणाकडेच नाही.
खोऱ्यातले म्हातारे म्हणतात,
खाली बैल आहे, त्यानं खांदा बदलला असेल.
वेसाव्यात माझी आई शेषाचं नाव घ्यायची.

रात्री फोनवर आकडा सांगितला:
नऊशे दहा वर्षं, अधिक-उणे ऐंशी.
ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, हेमांगीताई, एक लिहायचं राहिलं.
भिंतीत एक पाट सापडलाय, शेताला पाणी नेणारा.
भेगेशी तुटलेला,
पुढचा तुकडा पुरुषभर खाली.
आणि तुटल्या जागेवरून, तिरका,
घाईघाईत खणलेला दुसरा पाट.
त्यात गाळ आहे.
म्हणजे पाणी वाहिलंय.

किती दिवसांनी खणला?
मी तिला विचारलं, तिनं मला.
यंत्राला शतक कळतं, पेरणी कळत नाही.
ऐंशी वर्षांच्या त्या फटीत कुठेतरी
कुणी आधी माणसं पुरली, मग कुदळ उचलली,
की आधी कुदळ?

दुपारी डबा खायला वर आले
तर अॅप्रनच्या बाहीला एक कण.
उन्हात आला, संपला त्याचा हिशेब.
झटकला नाही.

आमची इमारत खाडी बुजवून उभी आहे.
जिन्यातल्या भेगेत सोसायटीनं दोनदा लांबी भरली.
सेक्रेटरी म्हणतात, इमारत बसते जरा, काळजी नको.
मी भेगेच्या टोकाशी
पेन्सिलनं तारीख लिहून ठेवलेली.
काल पाहिलं, रेघ तारखेच्या पुढे गेलीय,
तांदळाच्या दाण्याएवढी.

पेन्सिलला टोक काढलं.