सलग सीट

यंदा आंबियाला भाव लागला,
व्यापाऱ्यानं बाग झाडावरच उचलली
आणि आमच्या घरात दोन गाड्या शिरल्या,
एक पांढरी, एक काळी, दोन्ही मोबाइलमध्ये.
पांढरीचं नाव यांना नीट घेता येत नव्हतं.
काळीचं येत होतं,
म्हणून काळी जरा मागं पडली.

महिनाभर ताटाशेजारी तेच.
वरणाच्या बोटानं इंजिन मोठं करून पाहणं.
डिक्कीत संत्र्याचे क्रेट किती बसतात?
“क्रेट भराले घेतो का आपन ही गाडी?”
स्वतःच विचारायचं, स्वतःच चिडायचं,
आणि दिवा मालवल्यावर पुन्हा मोजायचं.

हर्षलचा पुण्याहून फोन, विकताना काळीला किंमत येते.
भाऊ म्हणाला डिझेल.
भाटवे म्हणाले, डिझेल आता कोन घेते, बाप्पा!
कस्तुरीला फक्त उघडणारं छप्पर हवं,
डोकं बाहेर काढून मोर्शीच्या चौकातून जायचं.
“धूळ खाशीन,” मी म्हटलं.
“खाईन.”

शोरूम अमरावतीला. आत इतकं गार
की मामंजींनी दुपट्टा कानावरून घेतला.
टायवाला पोरगा चांदूर बाजारचा,
आमच्याशी बोलताना मात्र पुण्याचा.
पांढरीचं दार त्यानं मखराचा पडदा सारावा तसं उघडलं.
मधे दोन खुर्च्या, सुट्या सुट्या,
हात टेकायची सोय, पाठीतून वारा.
“कॅप्टन सीट, मॅडम. राजासारखं बसायचं.”
मामंजी बसले.
दाढीला बसल्यासारखे दिसले.

हे हसत होते. मी पाहत होते
दोन खुर्च्यांमधली फट.
दीड वीत.

आमच्या जुन्या जीपची मधली सीट सलग आहे.
रेक्झिन फाटलंय, वर सतरंजी.
रात्री दोनला दार वाजलं की हे चावी शोधत नाहीत,
ती खिळ्याला असते,
कोणत्या खिळ्याला ते गावालाही ठाऊक.
रेखा उईके त्या सीटवर आडवी होती,
माहुलीच्या अलीकडे पोर झालं,
पानटपरीच्या उजेडात, टपरीवाल्यानं पाठ फिरवून बॅटरी धरली.
नामदेव कठाळेला विंचू म्हणून नेलं, तो साप निघाला,
वाचला, अजून ओवाळणी घालतो माझ्या हातात दर भाऊबीजेला.
सासूबाई जाताना बोलत होत्या.
कुकरची शिटी मोज म्हणाल्या.
येताना त्याच सीटवर,
आणि मी खाली, पायाशी बसून, त्यांचा हात घसरू नये म्हणून.

मी चप्पल काढली आणि काळीत चढले.
मधली सीट सलग होती.
पदर खोचला, आडवी झाले,
भर शोरूममध्ये, डोकं एका दाराकडे, पाय दुसऱ्या.
टायवाला धावला,
“मॅडम, चक्कर आली का? पाणी आणू?”
“दार लावा,” मी म्हटलं.
त्यानं यांच्याकडे पाहिलं.
यांनी दार लावलं.

बाहेरचं सगळं एकदम मुकं झालं.
गुडघे थोडे दुमडावे लागतात.
नामदेवला जरा अडचण होईल, तो उंच आहे.
वर काच. काचेत दिवे.
रेखाला इथून चांदण्या दिसल्या असत्या,
तिनं शिव्याच दिल्या असत्या चांदण्यांना.
किती वेळ पडले होते कोण जाणे.
दार उघडलं तेव्हा कस्तुरी विचारत होती,
“आई, छत उघडते ना हिचं?”

परत येताना हे काही बोलले नाहीत.
कागद मांडीवर, पांढरीची पत्रिकासुद्धा, घडी घातलेली.
मामंजी मागच्या बाकड्यावर घोरत होते.
लेहेगाव गेलं. सिंभोऱ्याचा फाटा गेला.
मग जीप तिसऱ्यावर टाकत हे म्हणाले,
“सीटकव्हर कापडाचे नको.
रेक्झिनचेच घेऊ.
धुता येते.”