तीन टिंबांनंतर

जुन्नरकडून परत आलेले एकोणीस बोर्ड
टेबलावर उताणे पडलेत.
भोसरी, डिसेंबर, रात्रीचे सव्वाअकरा.
शेजारचा लेथ केव्हाच बंद झालाय.
शटरखालून गारठा येतो,
पायाच्या बोटांपासून सुरुवात करतो.

पडद्यावर एकच ओळ:
कर्नल सुरू होतोय, आणि पुढे तीन टिंबं.
मग काही नाही.
शिव्या देणारा बोर्ड परवडतो,
निदान कुठे दुखतंय ते कळतं.

दुपारी हेच बोर्ड चालत होते.
मीच कळवलं होतं, आमच्याकडे सगळं ठीक आहे.
तिकडे पहाटे पाचला डेअरीवर
कॅन रांगेत, फॅट मोजायचं यंत्र मुकं,
आणि सचिव घुले फोनवर, आवाज न चढवता:
"मॅडम, म्हशी थांबत नाहीत हो."

महिन्याभरात चौसष्ट बदल.
निम्मे ठेवायचे, निम्मे सोडायचे, बोर्ड लावून बघायचा.
चौसष्टाचे बत्तीस, बत्तीसाचे सोळा,
भावकीत जमीन वाटत जावी
आणि शेवटी नुसता बांध उरावा, तसं.
बांधावर माझं नाव.
"क्लॉक ड्रायव्हर, साफसफाई."
ती सकाळ आठवते मला.
तेवीस ओळी कमी केल्या होत्या
आणि स्वतःवर खूश होऊन दुसरा चहा मागवला होता.

आता जागोजागी एकेक अक्षर पेरलं, थेट सिरीयल पोर्टवर.
ए आला.
बी आला.
सी आला नाही.

मुजावर मामा डबा धुऊन आले,
ओल्या हातानेच बोर्डाला बोट लावलं.
"बर्फ झालाय हा. शेकू का?"
गरम हवेची बंदूक वीतभर लांबून,
तान्ह्याच्या छातीला ओव्याची पुरचुंडी धरतात तशी.
सी आला.
डी, ई, आणि मग ओळींचा लोंढा, हिरवा दिवा.
गार झाल्यावर पुन्हा मुका.

बी आणि सीच्या मध्ये एक थांबा होता.
दोनशे मायक्रोसेकंद, लोणकरने घातलेला.
वर ना खूण, ना कारण.
काहीच न करणारी ओळ,
मी काढली.

लोणकरची आता मांजरीला नर्सरी.
फोन पहिल्या रिंगला उचलला,
ढोबळीच्या रोपांवर कापड ओढत होता.
"अगं, थंडीत ते क्लॉक उशिरा उठतं.
उठायच्या आत त्याला काही विचारलंस
तर विचारणाराच थिजतो."
"मग लिहून का नाही ठेवलंस?"
जरा वेळ नुसतं कापड फडफडलं.
"तेव्हा मला माहीत होतं ना."

ओळ परत घातली.
तिच्यावर चार ओळी कारण लिहिलं, खोडलं,
पुन्हा लिहिलं, त्यात जुन्नरचं नाव घातलं.
मग सगळे बोर्ड बाहेर पायरीवर मांडले, दव पडत होतं तिथे,
आणि आम्ही दोघं स्वेटरच्या बाह्या ओढून बसलो.

साडेचारला वायर जोडत गेले.
अठरा उठले.
एकोणिसावा नाही.
मी लॅपटॉप पुन्हा उघडायला लागले
तर मामांनी तो बोर्ड माझ्या हातातून काढून घेतला,
भिंग डोळ्याला लावलं.
"ह्याचं दुखणं दुसरं आहे," म्हणाले.
"हा माझा."